शंभर टक्के बंद नस आणि मारुतीच्या देवळाचा पार

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या ठाण्यात नोकरी करतात, माहेर वाळवा तालुक्यात. वडील ६६ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. बारा वर्षांपासून शुगर, तंबाखूची सवय त्याहून जुनी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत काहीतरी दिसलं, मग टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, झाली, मग अँजिओग्राफी. तीत हृदयाची उजवी नस १०० टक्के बंद निघाली. रिपोर्टात 'जुना ब्लॉक' असा शेरा. डावीकडच्या मोठ्या नसेत ४० टक्के. हृदयाचं पंपिंग ५५ टक्के, म्हणजे चांगलं. पहिल्या डॉक्टरांनी नस उघडून दोन-तीन स्टेंट (नस उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीच्या नळ्या) घालायला सांगितले, खर्चाचा अंदाज साडेतीन लाख. दुसऱ्यांनी सीडी पाहिली आणि म्हणाले, घाई नाही, गोळ्या नीट घ्या, तीन महिन्यांनी या. गावी वडिलांजवळ राहणारा भाऊ म्हणतो, ऊस गेला की बघू.

पुढे त्या लिहितात : "वडिलांना तसा काही त्रास नाही. डेअरीला दूध घालून येताना हल्ली मारुतीच्या देवळापाशी जरा टेकतात, एवढंच. गोळ्यांतली एक त्यांनी बंद केली, गळून गेल्यासारखं होतं म्हणून. कोलेस्टेरॉलची एक दिवसाआड घेतात, कारण तिने लिव्हर खराब होतं असं कोणीतरी सांगितलंय. पण १०० टक्के बंद म्हणजे कधीही काहीही होऊ शकतं ना? रात्री फोन वाजला की धस्स होतं. मी एफडी मोडायला तयार आहे. भाऊ खर्चाला मागे सरतोय असं मला वाटतं. उद्या काही बरंवाईट झालं तर जन्मभर जिवाला लागून राहील. भावाला कसं समजावू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना डोळा 'शंभर टक्के' या शब्दांवर अडकला. तुमचाही तिथेच अडकलाय. दुसऱ्यांदा मात्र मी मारुतीच्या देवळापाशी थांबलो. तुम्ही 'एवढंच' म्हणून ज्या वाक्याची बोळवण केलीत, ते माझ्या लेखी या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. तिकडे येतोच. आधी ते शंभर टक्के.

नव्वद टक्के ब्लॉक म्हणजे धोका, पंच्याण्णव म्हणजे मोठा धोका, मग शंभर म्हणजे संपलंच, असा हिशोब आपल्या सगळ्यांच्या मनात असतो. परीक्षेच्या मार्कांनी लावलेली सवय. पण तुमच्या वडिलांची ती नस आता बंद पडायची राहिलेली नाही. ती पडून झाली आहे. कधी? 'जुना' म्हणायला किमान तीन महिने झालेले लागतात; कित्येकदा वर्षं उलटलेली असतात. एखाद्या रात्री छातीत जळजळलं, सोडा प्यायले, सकाळी पुन्हा ड्युटीवर गेले, त्या रात्री झालं असेल. किंवा इतकं हळूहळू झालं असेल की शरीराने चाहूलही लागू दिली नसेल. अशी नस काही दुर्मीळ नाही. अँजिओग्राफीत हृदयाच्या नसांचा आजार निघालेल्या दर पाच-सहा जणांत एकाला तरी अशी एखादी पूर्ण बंद, जुनी नस सापडते. आम्ही डॉक्टर तिला 'सीटीओ' म्हणतो. तुमच्या फाइलवरही ती तीन अक्षरं असतील.

मग तो भाग जगला कसा? तुम्ही ऊसपट्ट्यातल्या आहात, तुम्हाला हे पटकन कळेल. मुख्य चारी गाळाने हळूहळू बुजत गेली तर शेजारच्या चारीचं पाणी पाझरत पाझरत येतं आणि पीक तग धरतं. हृदयातही डाव्या नसेच्या बारीक फांद्या पुढे येऊन उजव्या भागाला रक्त पोचवायला लागतात. पंपिंग ५५ राहिलंय ते त्यांच्या जिवावर. पण पाझराचं पाणी ते पाझराचंच. पावसाळ्यात पुरतं, वैशाखात कमी पडतं. बसलेल्या माणसाच्या हृदयाला ते पुरेल. किटली घेऊन चढावर चालणाऱ्या माणसाला पुरेलच असं नाही.

आता तुमच्या मुख्य भीतीकडे. "कधीही काहीही होऊ शकतं" यातलं 'काहीही' म्हणजे हार्ट अटॅक ना? तो बहुतेक वेळा कसा येतो ते पाहा. नसेच्या भिंतीत चरबीचा मऊ थर साचलेला असतो, त्यावरची पातळ साय फाटते, तिथे मिनिटांत रक्ताची गुठळी धरते आणि कालपर्यंत बऱ्यापैकी वाहणारी नस आज बंद होते. बरेचसे अटॅक मध्यम अरुंद झालेल्या जागी येतात. आधी अँजिओग्राफी केली असती तर 'चाळीस-पन्नास टक्के, काळजी नको' असंच त्या जागेबद्दल लिहिलं गेलं असतं. म्हणजे उद्याच्या अटॅकची चिंता करायची तर ती डावीकडच्या त्या ४० टक्क्यांची करायला हवी, आणि तिथे आज कोणीच स्टेंट घालणार नाही, घालूही नये. त्या जागेला राखणारी गोष्ट म्हणजे कोलेस्टेरॉलची ती गोळी, जी वडील एक दिवसाआड घेताहेत.

तुम्ही साडेतीन लाख उभे करायला निघालात आणि घरात रोज काही रुपयांची गोळी निम्मी वाया जातेय. हे टोचून बोलत नाही. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हेच चित्र इतक्या घरांत पाहिलंय की आता मी पेशंटला आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगतो आणि मगच फाइल उघडतो.

पहिल्या डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी. ते म्हणू शकतील, "डावी नस आता दोन्हीकडचा संसार चालवतेय. उद्या तिलाच काही झालं तर दोन्ही घरं बुडतील." हा मुद्दा खोटा नाही. पण 'म्हणून बंद नस उघडली की माणूस जास्त जगतो' हे त्यावरून सिद्ध होत नाही. शोधायला गेल्यावर तसं सापडलं नाही.

२०२० साली 'इस्केमिया' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यांत भारतातलेही होते. सगळ्यांना स्थिर स्वरूपाचा नसांचा आजार होता आणि चाचणीत हृदयाला रक्त बऱ्यापैकी कमी पडत असल्याचं दिसलं होतं. निम्म्यांना चांगली औषधं दिली, निम्म्यांना औषधं अधिक स्टेंट किंवा बायपास. तीन वर्षांहून जास्त पाठपुरावा केला. अटॅक आणि मृत्यू मिळून पाहिलं तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक पडला तो छातीच्या दुखण्यात; आणि तोही ज्यांना मुळात दुखत होतं त्यांना. ज्यांना सुरुवातीपासून काही होत नव्हतं, त्यांच्या रोजच्या जगण्यात विशेष काही बदललं नाही.

खास पूर्ण बंद नसांचेही अभ्यास झाले आहेत. मुख्यतः कोरियात झालेल्या, ८१५ रुग्णांच्या 'डिसिजन सीटीओ'त नस उघडून मृत्यू किंवा अटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही. (औषधांच्या गटातल्या बऱ्याच जणांनी मध्येच गट बदलून अँजिओप्लास्टी, म्हणजे फुगा-स्टेंटने नस उघडणं, करून घेतली, त्यामुळे या अभ्यासावर वाद आहे आणि तो रास्त आहे.) युरोपातल्या ३९६ रुग्णांच्या 'युरो सीटीओ'त वर्षभरानंतर नस उघडलेल्यांचं छातीचं दुखणं कमी झालं होतं आणि हिंडण्याफिरण्यातली अडचणही.

आणखी एक अभ्यास सांगतो, कारण तो मला स्वतःला फार आवडतो. २०१७ साली इंग्लंडात 'ऑर्बिटा' झाला. २०० रुग्ण, सगळ्यांची एक नस चांगलीच अरुंद, पण पूर्ण बंद नव्हे. सगळ्यांना कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, नेलं, गुंगी दिली, कानाला हेडफोन लावले. निम्म्यांना स्टेंट घातला. बाकीच्यांना काहीच केलं नाही, पण तसं सांगितलंही नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालवलं तर दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. जगभर आरडाओरडा झाला. मग त्याच मंडळींनी २०२३ साली ३०१ रुग्णांवर पुन्हा तसाच प्रयोग केला, पण यावेळी छातीच्या दुखण्याच्या गोळ्या बंद ठेवून. त्यात स्टेंटने दुखणं खरोखर कमी केलं. तरीही स्टेंट घातलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचं दुखणं पुरतं गेलं नाही. या दोन्ही अभ्यासांत तुमच्या वडिलांसारख्या बंद नसा नव्हत्या, हे लक्षात ठेवा. पण 'स्टेंट घातला, आता निर्धास्त' या समजुतीची त्यांनी पार मोडतोड करून ठेवली.

थोडक्यात तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अशी नस उघडण्याचं मुख्य कारण एकच उरतं : माणसाला होणारा त्रास. आयुष्य वाढेल या आशेने उघडायची तर तिला आज आधार नाही.

इथे बाकीच्या वाचकांसाठी थांबून एक गोष्ट ठासून सांगतो. वरचं सगळं स्थिर, जुन्या आजाराबद्दल आहे. अचानक छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, घाम फुटला, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, बसून राहूनही दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर तो अटॅक समजा आणि १०८ ला फोन करा. शुगरवाल्या माणसाला दुखेलच असंही नाही. नुसता दम आणि घाम एवढ्यावरही भागतं. तेव्हा तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिथे अभ्यासाचे दाखले देत बसू नका. तसंच डाव्या मुख्य नसेच्या तोंडाशीच ब्लॉक असेल, पंपिंग फार घसरलेलं असेल, किंवा दुखणं आठवड्या-आठवड्याला वाढत चाललं असेल, तर गणित वेगळं. आणि शुगर असून दोन-तीन नसा खराब असतील तर स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरते, हे २०१२ सालच्या 'फ्रीडम' अभ्यासात १,९०० रुग्णांवर दिसलं आहे. अशांनी 'ऑपरेशन नको, स्टेंटच टाका' असा हट्ट धरू नये.

आता मारुतीचं देऊळ.

तुम्ही लिहिता, वडिलांना त्रास नाही. आणि पुढच्याच वाक्यात लिहिता, येताना टेकतात. ताई, ज्या माणसाने नोकरीभर एसटीचं स्टिअरिंग ओढलं, घाटात गाड्या चढवल्या, तो गावातल्या गावात दुधाची फेरी करताना मध्येच बसतो, हा त्रास नव्हे तर काय? असे पेशंट 'दुखतं' असं म्हणतच नाहीत. 'भरून येतं', 'गच्च होतं', 'जरा दम खातो' म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. रस्त्यात थांबायची वेळ आली की चपलेचा अंगठा तुटला का ते बघतात, कोणाच्या तरी दारात हवापाण्याच्या गप्पा काढतात. एक गृहस्थ मला ठाऊक आहेत, त्यांनी बाजाराचा रस्ताच बदलला होता. घरच्यांना वाटलं, सावलीसाठी. नव्या रस्त्यावर चढ नव्हता, एवढंच खरं कारण.

माणूस आपलं जगणं गुपचूप आखडत नेतो आणि मग सांगतो, मला काही होत नाही. खरंच होत नाही, कारण जे केल्याने होतं ते त्याने सोडलेलं असतं.

उलटही घडतं. बसण्याचं कारण हृदयच असेल असं नाही. गुडघे असतील. मोतीबिंदू आहे, झुंजूमुंजू वेळी दिसत नसेल. माझ्याकडचे एक पेशंट मोठ्या शहरात जाऊन बंद नस उघडून आले आणि दम होता तसाच राहिला. हिमोग्लोबिन आठ निघालं. ते आधी पाहिलं असतं तर? असो.

म्हणून पहिलं काम म्हणजे ते का बसतात हे शोधणं. आणि ते शोधताना पुढचे तीन महिने औषधं जशी लिहिली आहेत तशी, एकही न गाळता घेणं. दुसऱ्या डॉक्टरांचं 'तीन महिन्यांनी या' हे तुम्हाला टोलवाटोलवी वाटलं असेल. त्या तीन महिन्यांत काय करायचं ते त्यांनी फोड करून सांगितलं नाही, एवढी त्यांची चूक.

जी गोळी घेतल्यावर वडिलांना गळून जातं, ती नाडी मंद करणारी असावी. तिने हृदयाची भूक कमी होते, म्हणजे पाझराचं पाणी पुरायला लागतं. ती परस्पर बंद करणं धोक्याचं. पण डोस कमी करता येतो, रात्री घेता येते, वेगळ्या जातीची देता येते. 'सोसत नाही' एवढं डॉक्टरांना सांगितलं की पुरे. कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर बिघडल्याची उदाहरणं क्वचित. एक साधी रक्तचाचणी करून शंका फेडता येते. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ७० च्या खाली तर हवंच, जमलं तर ५५ च्याही खाली. तुमच्या पत्रात अँजिओचे सगळे आकडे आहेत, हा एक नाही. छाती भरून आली की घ्यायची ती जिभेखालची गोळी वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात असते का? ती बसूनच घ्यायची, उभ्याने घेतली तर चक्कर येऊन माणूस पडतो. चढण चढण्याआधीही घेता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. (पुरुषांच्या 'ताकदीच्या' गोळ्या ज्याने घेतल्या असतील त्याने मात्र ही घ्यायची नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. लाजेपोटी हे कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिलं.)

तंबाखू. यावर भाषण देत नाही, वडिलांनी ऐकलेलं असणार. चुन्याची डबी घरात राहिली तर बाकी खटाटोप अर्धा.

लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगर उकळून केलेला काढा तुमच्या फोनवरही आला असेल. बुजलेली नस त्याने मोकळी होत नाही. कितीतरी जुन्या ब्लॉकमध्ये चुना, म्हणजे कॅल्शियम, धरलेला असतो, दगडासारखा. तो लसणाने विरघळायचा नाही. पेपरात 'विनाऑपरेशन ब्लॉकेजमुक्ती'च्या जाहिराती येतात, तिथे पैसे घालण्याआधी मला एक पत्र टाका.

समजा तीन महिने सगळं नीट झालं आणि तरीही वडील देवळापाशी बसताहेत, आणि कारण हृदयच आहे असं ठरलं. मग नस उघडण्याचा विचार जरूर करा. तेव्हा मी तुमच्या बाजूने असेन. पण हे काम काय असतं ते आधी समजून घ्या.

माझा एक जुना विद्यार्थी हीच कामं करतो. एकदा त्याच्या काचेपलीकडे बसून मी एक केस पाहिली. पेशंटच्या मनगटातून एक नळी, जांघेतून दुसरी. दोन्हीकडून एकाच वेळी डाय (एक्स-रेत नस दिसावी म्हणून सोडतात ते औषध) सोडला की पडद्यावर बंद भागाची अलीकडची आणि पलीकडची अशी दोन्ही टोकं दिसतात, आणि मध्ये कोरं. त्या कोऱ्या जागेतून ०.०१४ इंच जाडीची तार पलीकडे न्यायची. तार नसेतून चाललीय की नसेच्या भिंतीत घुसलीय, हे दोन कोनांतून पुन्हा पुन्हा बघायचं. पाऊण तास तार एका जागी होती. त्याने तीन तारा बदलल्या. शिशाचा जड कोट अंगावर, कपाळावर घाम, नर्स मध्येच टिपतेय. शेवटी तार पलीकडच्या नसेत सरकली तेव्हा कोणी काही बोललं नाही. त्याने फक्त मान वाकडी करून कडकन मोडली. मग फुगा, मग स्टेंट, आणि कोऱ्या जागेत काळी रेघ उमटली. सव्वादोन तास लागले होते. साध्या ब्लॉकला अर्धा-पाऊण तास लागतो. ते पेशंट पुढच्या चैत्रात जोतिबाला पायऱ्या चढून गेले, हेही सांगायला हवं.

म्हणजे हे हातखंड्याचं काम आहे. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांच्याकडे दहातल्या आठ-नऊ नसा उघडतात. जो वर्षातून चार-दोनच करतो त्याच्याकडे तेवढ्या नाहीत. नस फाटणं, हृदयाभोवती रक्त साचणं हे धोके साध्या अँजिओप्लास्टीपेक्षा इथे जास्त. डाय जास्त लागतो, म्हणून शुगरवाल्याची किडनी आधी तपासून घ्यायला हवी. तेव्हा डॉक्टरांना बेधडक विचारा : अशा बंद नसा तुम्ही वर्षाला किती करता? वडिलांची नस बघून यशाची शक्यता किती वाटते? ब्लॉक किती लांब आहे, चुना किती आहे? नाही उघडली तर तिथेच थांबणार की पुन्हा प्रयत्न करणार, आणि त्याचं बिल वेगळं का? त्या भागातला स्नायू जिवंत आहे हे कशावरून ठरवलं? आणि शेवटचा, मला सगळ्यात आवडणारा प्रश्न : "हे केल्यावर वडिलांना असं काय करता येईल जे आज येत नाही?" याचं उत्तर 'धोका टळेल' असं गुळमुळीत आलं तर पुन्हा विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. चिडला तर तेही उत्तरच.

पैशाचं. औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपये ठरवली. पुढे ती बदलत गेली, तरी २०२५ सालीही जीएसटी वगळता एका स्टेंटचा दर चाळीस हजारांच्या आत होता. साडेतीन लाखांत स्टेंट किती, तारा-फुगे किती, कॅथ लॅब आणि खोली किती, हे लेखी मागा; मर्यादा स्टेंटच्या किमतीला आहे, बिलाला नाही. अशा नसेला तारा आणि बारीक नळ्या जास्त लागतात, त्यामुळे खर्च साध्यापेक्षा वाढतो हे खरं. एफडी मोडण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते पाहा. अँजिओप्लास्टी तिच्यात आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे आधी बसा, मग कॅश काउंटरकडे वळा. स्टेंट पडल्यावर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने, कधी त्याहून जास्त, न चुकता घ्याव्या लागतात. दात काढायचा म्हणून मधेच सोडल्या आणि स्टेंटमध्ये गुठळी धरली, असं होतं. जो माणूस आज एक गोळी परस्पर बंद करतो, त्याच्या बाबतीत हा प्रश्न लहान नाही.

राहिला भाऊ. तुम्ही विचारता, त्याला कसं समजावू. आधी त्याला विचारून पाहा ना. वडील रोज त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. ते कुठे थांबतात, रात्री झोपतात का, जेवल्यावर अंगण ओलांडताना छाती चोळतात का, हे तो सांगू शकेल. 'ऊस गेला की बघू' यात पैशाची चिंता असेलही. ती असणं पाप नाही. ऑपरेशननंतर महिनाभर शेत, जनावरं, आईचं दुखणंखुपणं आणि दवाखान्याच्या फेऱ्या त्याच्याच अंगावर पडणार आहेत, तुमच्या एफडीतून ते होणार नाही. शिवाय या घटकेला, या आजारात, दोन-तीन महिने थांबणं वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं नाही. त्याचं कारण वेगळं असेल, पण तो चुकलेला नाही. हे एक वाक्य त्याला फोनवर म्हणून बघा, पुढचं बोलणं सोपं जाईल.

दूर राहणाऱ्या लेकीच्या जिवाची घालमेल मला कळते. जवळ नसल्याची भरपाई आपण मोठी रक्कम, मोठं रुग्णालय, मोठं ऑपरेशन यांतून करू पाहतो. पण तुमच्या सबंध पत्रात दोन डॉक्टर बोलतात, भाऊ बोलतो, लिव्हरवाला 'कोणीतरी'ही बोलतो. वडील एकदाही बोलत नाहीत. नस त्यांची आहे. त्यांना काय हवंय? कदाचित ते म्हणतील, बसून आराम वाटतो, मला कापाकापी नको. कदाचित म्हणतील, पुन्हा एकदा पायी वारीला जायचंय, उघडा काय ते. दोन्ही उत्तरांनी निर्णय वेगळा होईल आणि दोन्ही बरोबर असतील.

तेव्हा या महिन्यात एक शनिवार-रविवार काढून गावी जा. पैशाचा विषय काढू नका. पहाटे त्यांच्याबरोबर डेअरीला निघा. जिभेखालची गोळी त्यांच्या खिशात आहे ना, बघून घ्या. भरलेली किटली हातातून काढून घ्यायचा मोह होईल. ती रोजच्यासारखी त्यांच्याच हातात राहू द्या. त्यांच्या चालीने चाला, तुमच्या नव्हे. देवळापाशी बसले की तुम्हीही पारावर बसा. छाती भरते की पाय, ते तिथेच विचारा, घरी गेल्यावर नको. घरी आई ऐकत असते. किती मिनिटांनी उठले ते घड्याळात बघा आणि कागदावर लिहा. तीन महिने गोळ्या नीट झाल्यावर हीच फेरी पुन्हा मारा, पुन्हा लिहा. डॉक्टरांकडे जाताना सीडीबरोबर तो कागद न्या.